सोमवारचं रक्त

"जागेवर हाय ना मी?"

सुई निघाली की कापसाचा बोळा कोपरात दाबायचा, हात दुमडून छातीशी धरायचा आणि हा प्रश्न विचारायचा. बाटलीतलं रक्त अजून गोठलेलंसुद्धा नसायचं. डॉक्टर हसून म्हणायचे, "मामा, जरा दम धरा. रंग तरी येऊ द्या." मग मामा दाराजवळच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. उत्तर ऐकल्याशिवाय ते कामाला गेलेत, असं कधी झालं नाही.

श्रीरामपुरात बेलापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची लॅब होती. आमची म्हणजे डॉक्टरांची. मी तिथं टाइपिस्ट. रिपोर्ट टाइप करायचे, येणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं, "काल रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?" असं विचारायचं आणि "छे छे, काहीच नाही" म्हणणाऱ्याच्या मिशीवर चहाचा थेंब दिसला की त्याला आल्या पावली परत पाठवायचं, ही माझी कामं. मदतनीस डॉक्टरांकडं टिकत नसत, कारण स्वभाव! म्हणून तपासण्या ते स्वतःच करायचे. आणि मामा म्हणजे मार्केट यार्डातले मापाडी. शेतकऱ्याचा माल काट्यावर घ्यायचा, वजन करायचं आणि मोठ्यानं पुकारायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक काष्टीला दिलेली. लॅबच्या मागच्या गल्लीत एका खोलीत ते एकटे राहायचे. सगळं यार्ड त्यांना मामा म्हणायचं, म्हणून आम्हीही मामा म्हणायचो.

आता तुम्ही म्हणाल, धडधाकट मापाड्याचं रक्त दर सोमवारी काढायचं काय कारण? सांगते. पण त्यासाठी जरा आमच्या बाटल्यांचं सांगावं लागेल. कंटाळू नका, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

नव्वद साल उलटलं आणि आमच्या गावात कोलेस्टेरॉल हा शब्द आला. तोवर लोक शुगरला आणि बीपीला घाबरायचे. आता आडते, हेडमास्तर, कारखान्याचे डायरेक्टर, सगळे अनशेपोटी येऊन डॉक्टरांसमोर हात पुढं करायला लागले. पूर्वी ही तपासणी जळजळीत आम्लात व्हायची आणि डॉक्टरांच्या पँटींना भोकं पडायची. मग एन्झाइमची औषधं आली. डॉक्टरांनी एकदा मला समजावलं होतं. कोलेस्टेरॉल रक्तात सुटं हिंडत नाही, गाठोड्यात बसून हिंडतं. काही गाठोडी चांगली, काही वाईट. एका औषधाचे थेंब टाकले की वाईट गाठोडी नासलेल्या दुधासारखी फुटतात, यंत्रात गरगर फिरवली की तळाला बसतात आणि वरच्या निवळीत चांगलं तेवढं उरतं. मग त्यात एन्झाइम घालायचं. ही एन्झाइमं तिघं. पहिलं बांधलेलं कोलेस्टेरॉल सोडवतं, दुसरं सोडवलेल्यावर काम करतं आणि तिसऱ्यामुळं गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितका आकडा मोठा. आधी सगळ्या रक्ताचा आकडा, मग निवळीचा.

पण ही एन्झाइमं म्हणजे नवसासायासाची पोरं. फ्रिजबाहेर राहिली की मेली. आणि आमच्याकडची वीज काय सांगावी! सकाळी आहे तर दुपारी नाही. औषध जिवंत आहे की मेलंय हे कळायला, ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असं रक्त रोजच्या रक्तांबरोबर लावून बघावं लागतं. त्याला डॉक्टर 'कंट्रोल' म्हणायचे. तशा सीलबंद परदेशी बाटल्या मिळत. पण त्या मुंबईहून यायच्या, महिनेच्या महिने यायच्याच नाहीत, आणि आल्या तरी फोडल्यावर आमच्या फ्रिजमध्ये किती टिकतील याचा भरवसा नव्हता.

त्याच सुमाराला बाजार समितीनं हमाल-मापाड्यांची तपासणी आमच्याकडं करून घेतली. त्यात मामांचा आकडा आला एकशे चौसष्ट. नावात गोंधळ झाला म्हणून त्यांना पुन्हा बोलावलं. एकशे चौसष्ट. डॉक्टरांना गंमत वाटली, त्यांनी पुढच्या आठवड्यात आणखी एकदा बोलावलं. एकशे त्रेसष्ट! असं कुणाचं नसतं म्हणे. तुमचं-माझं आज इकडं, उद्या तिकडं. हा माणूस मात्र रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडासारखा. डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, "बाटली कशाला हवी? आपल्याकडं चालतं-बोलतं कंट्रोल आहे!"

झालं. त्या दिवसापासून सोमवारी मामांचं रक्त. त्यातलं थोडं थोडं छोट्या नळ्यांत भरून बर्फाच्या खणात ठेवायचं आणि आठवडाभर रोज एक नळी काढून वापरायची. मामांचा आकडा जागेवर आला की औषध जिवंत, मग बाकीच्यांचे रिपोर्ट मी टाइप करायला घ्यायची.

मामांना हे समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला समजावलं. "बाई, आमच्या मापावर शिक्का आसतोय. साल भरलं की इन्सपेक्टर येतो. त्याच्याकडं पेटी आसती, आत मखमल आन मखमलीत पितळंची मापं. त्या मापाशी आमची मापं लावून बघतो. कमी भरलं की फेकून देतो." मग छाती फुगवून म्हणाले, "म्हंजी मी त्या पेटीतलं माप झालो की!"

मोठा माणूस आला की डॉक्टर मुद्दाम बाकड्याकडं बोट दाखवायचे. "हे आमचे कंट्रोल. तुमचं रक्त यांच्यावर तोलणार आहे." कारखान्याचे एक डायरेक्टर होते, पोट पुढं, मागं दोन माणसं. त्यांनी मामांना नमस्कार केला होता! मामांनी मान हलवून तो घेतला, अगदी देवळातल्या देवासारखा. त्यांचा शर्ट मळका, टोपीला घामाचा काळा पट्टा, पण त्या बाकड्यावर ते असे बसायचे की मलाच उठून उभं राहावंसं वाटायचं. यार्डात उभा जन्म शेतकरी म्हणायचा मापाडी व्यापाऱ्याचा आणि व्यापारी म्हणायचा मापाडी शेतकऱ्याचा. दोन्हीकडून शिव्या खाल्लेल्या माणसाला आमच्याकडं मान मिळाला, तो त्याच्या डोक्यात गेला. मी हे प्रेमानंच म्हणतेय. पण गेला, हे खरं.

कारण मग मामांनी स्वतःला जपायला सुरुवात केली. मुळात खाणं साधं. बाजरीची भाकरी, मटकी नाहीतर हुलग्याचं कालवण, ठेचा. चहा नाही, तंबाखू नाही. आता त्याचा त्यांनी नेमच केला. पुतण्याचं लग्न बेलापुरात होतं, आणि नेमकं रविवारी. पंगतीत बुंदी, भजी, पुरी. मामांनी पंगतीत बसून धडप्यात बांधून आणलेली भाकरी सोडली आणि ठेच्याबरोबर खाल्ली. भाऊ रुसला, भावजय रडली. मामा आपले, "उद्या सोमवार हाय. तालुक्याचं माप बिघडंल."

मला हे त्यांनी मोठ्या फुशारकीनं सांगितलं. मी म्हटलं, "मामा, एका बुंदीनं काही होत नाही."

"तुमी टाइप करा, बाई. मापाचं तुमाला काय कळतंय?"

नातवाच्या बारशाला काष्टीला गेले, तिथंही तेच. लेकीनं पुरणपोळी केली, वर तुपाची धार धरली, तर यांनी ताटावर हात आडवा धरला. लेक म्हणाली, "आबा, आई गेल्यापासनं माझ्या हातचं तुमी खाल्लंय कुटं?" तरी नाही. हे मला त्या लेकीनंच पुढं सांगितलं, पण तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

नुसतं हेकटच म्हणाल तर तसंही नव्हतं. शाळेला सुट्टी असली की मी माझ्या मुलीला लॅबमध्ये आणायची. मामा तिला दोन्ही हातांनी उचलायचे, जरासं झुलवायचे आणि यार्डातल्यासारखं वजन पुकारायचे. ती खिदळायची. एकदा उचललं आणि पुकारलंच नाही. खाली ठेवून मला म्हणाले, "बाई, पोरगी मागल्या खेपंपरीस हलकी झालीया. दवाखान्यात दाखवा." मी म्हटलं, वाढतं वय आहे, उंच होतेय. तर माझ्यावर खेकसले, "उंच हुती तवा जड हुतंय पोर, हलकं न्हाई!" दाखवलं. छातीतल्या गाठींचा क्षय निघाला, वेळेवर निघाला, बरी झाली. या उपकाराची फेड मी काय करणार होते? म्हणूनच पुढचं आठवलं की माझा जीव जळतो. दुसऱ्याचं लेकरू हातावर तोलणारा हा माणूस स्वतः एकदाही त्या यार्डातल्या काट्यावर चढला नाही!

एका उन्हाळ्यात मामांचा आकडा खाली आला.

थोडासाच आला. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, फ्रिज उघडून बघितला, विजेला शिव्या घातल्या. पुढच्या सोमवारी आणखी खाली. चांगल्या गाठोड्यांचाही आकडा खाली, एकूणही खाली. मामा बाकड्यावरून विचारत होते, "जागेवर हाय ना?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आहात हो! औषध मेलंय."

नवं औषध मागवलं. तरी मामा खालीच. आता औषधाबरोबर एक छोटी बाटली येते, तिच्यात ठरलेल्या मापाचं कोलेस्टेरॉल असतं. तिचा आकडा मात्र बरोब्बर येत होता. मी आपलं बाळबोध विचारलं, "डॉक्टर, बाटलीचा बरोबर येतोय, तर औषध मेलं कसं?"

डॉक्टर माझ्याकडं बघून असे हसले की मी विचारलं याचाच मला पश्चात्ताप झाला. "त्या बाटलीतलं कोलेस्टेरॉल सुटं असतं. रक्तातलं बरंचसं बांधलेलं. सोडवणारं पहिलं एन्झाइमच मेलं असेल, तर बाटलीला काय फरक पडणार? फरक रक्तालाच पडणार. आलं लक्षात?"

आलं ना. ऐकायला चोख होतं. हुशार माणसाची चूकही हुशार असते, आपल्यासारख्याला तिच्यात बोट घालायला जागा सापडत नाही. डॉक्टरांनी कंपनीला सणसणीत पत्र लिहिलं, मीच टाइप केलं. कंपनीनं आणखी एक खोकं पाठवलं. त्यातही मामा खाली. "यांच्या गाड्याच उन्हात उभ्या राहतात," डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांनी तोड काढली. औषध कमी दाखवतंय ना? मग सगळ्यांचे आकडे तेवढ्या पटीनं वर उचलायचे. किती? तर मामा पुन्हा एकशे चौसष्टवर येतील इतके.

"मामा, आलात जागेवर," डॉक्टरांनी त्या सोमवारी सांगितलं. मामांनी डोळे मिटून हात जोडले.

आता पुढचं ऐका, आणि हसायचं की रडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मामा दर आठवड्याला थोडे खाली जायचे, डॉक्टर त्यांना वर उचलायचे आणि त्यांच्याबरोबर अख्खा तालुका वर जायचा! माझ्या टाइपरायटरला काळी-लाल रिबन होती. बरोबर आकडा काळ्यात, जास्तीचा लाल पट्टीत. एरवी काळी बाजू आधी विटायची. त्या दिवसांत लाल बाजूच झिजून फिकी पडली. हेडमास्तरांनी अंडी सोडली. आडत्याच्या बायकोनं तुपाची बरणी माहेरी धाडली. डायरेक्टरसाहेब पहाटे कॅनॉलच्या कडेनं पळायला लागले, मागून जीप. सगळं गाव कोलेस्टेरॉलच्या नावानं वाळकी भाकरी चावत होतं, आणि ज्याच्या रक्तावर हे सगळं तोललं जात होतं त्याला भाकरीही जात नव्हती.

हे मला दिसत होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? शर्टाची बाही पूर्वी दंडाला घट्ट बसायची, गुंडाळताना मामा कुरकुरायचे. आता ती नुसती वर सरकवली की पुरायची. गळ्याची हाडं दिसायला लागली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, "डॉक्टर, मामा उतरलेत. जरा त्यांनाच तपासा ना."

"उन्हाळा आहे. सगळेच उतरतात. तुम्ही ते पाटलांचे रिपोर्ट घ्या बघू आधी."

मग मी मामांनाच धरलं. लॅब उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले असायचे. म्हटलं, "खरं सांगा, जेवण जातं का?"

मामा इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "बाई, मला म्हाईत हाय. औषिद ठीक हाय. मीच खाली आलोय."

मी गारच झाले. "मग बोलत का नाही?"

"काय बोलू? माप कमी भरलं की फेकून देत्यात." मग माझ्याकडं आशेनं बघत म्हणाले, "पर मी सोडलं न्हाई. तूप खातोय. सकाळ-सांज वाटी वाटी. खव्याचं पेढं बी खाल्लं. येईल की वर. उलटून पडतंय ते सोडा, पर जेवढं ऱ्हाईल तेवढं तर चढंल का न्हाई?"

लग्नातली बुंदी नाकारलेला, लेकीच्या पोळीवर हात आडवा धरलेला माणूस अंधाऱ्या खोलीत एकटा बसून, ओकत ओकत तूप पीत होता. कशासाठी? आमच्या बाकड्यावरच्या जागेसाठी. मला इतका संताप आला की मी त्यांना वाट्टेल ते बोलले. अहो, जीव मोठा की आकडा? पुतण्याच्या लग्नातली बुंदी नको आणि हे चालतं? मामा शेवटी एवढंच म्हणाले, "डाक्टरला सांगू नगा. मला बदलून टाकतील."

मी सांगितलं. त्याच दिवशी सांगितलं. मामा तूप खातात, उलट्या करतात, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "तूप खातायत? मग तर आकडा वर यायला हवा! तरी खालीच येतोय म्हणजे औषधच खराब, सिद्ध झालं की." उलट्यांना गोळ्या दिल्या. गोळ्या दिल्या आणि पट आणखी वाढवली.

डॉक्टर वाईट होते असं मी म्हणणार नाही. खोटा रिपोर्ट लिहून द्या म्हणून आलेल्या बड्या बड्यांना त्यांनी दारातून हाकललेलं मी पाहिलंय. "आकड्याशी खोटं बोलणार नाही," हे त्यांचं ब्रीद होतं. ब्रीदवाल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

पावसाळ्याच्या तोंडाशी कंपनीचा माणूस पुण्याहून आला. पत्रांनी वैतागलेला. थर्मासमध्ये बर्फात घालून त्यानं परदेशी कंट्रोलची सीलबंद बाटली आणली होती. सोमवारच होता. मामा रक्त देऊन बाकड्यावर बसले होते. त्या माणसानं सगळ्यांसमोर बाटली फोडली, आमचंच औषध घातलं, रंग आला, यंत्रात धरला. आकडा बाटलीवर छापलेला होता तोच आला. पट न लावता. चांगल्या गाठोड्यांचाही तोच.

"औषध ठणठणीत आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "तुम्ही कशावर ताडून बघत होता?"

डॉक्टरांनी यंत्रावरचा आकडा पुन्हा वाचला. आणि मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "म्हणजे आपलं कंट्रोल बिघडलं."

कंट्रोल हा शब्द मामांना चांगला ठाऊक होता. इतकी वर्षं तोच तर त्यांचा मान होता. त्यांनी हातातला बोळा बघितला, रक्त थांबलं होतं, तो बादलीत टाकला. बाही खाली ओढून गुंडी लावली. आणि उभं राहून विचारलं, "मंग मी निगू का?"

त्या दिवशी त्यांनी 'जागेवर हाय ना' असं विचारलं नाही.

तेव्हा कुठं डॉक्टर भानावर आले. मामांना आत नेऊन टेबलावर झोपवलं, पोट दाबून बघितलं. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. पोटात गाठ लागत होती, वरूनच. नगरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्यांनी लेकीला बोलावून सांगितलं की जठराचा कॅन्सर आहे, पसरलाय, आता घरी न्या आणि खातील ते खाऊ घाला. खातील ते! लेक आणि जावई येऊन त्यांना काष्टीला घेऊन गेले.

लॅबमध्ये पट बंद झाली. त्याबरोबर सगळ्या तालुक्याचे आकडे धाडकन खाली आले. कुणाला काही सांगितलं नाही. लोकांना वाटलं, पथ्य लागू पडलं! डायरेक्टरसाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "डॉक्टर, तुमच्यामुळं वाचलो बघा." डॉक्टरांनी पुडा घेतला, मला म्हणाले, "घ्या." मी म्हटलं, मला पेढे सोसत नाहीत. आणि खरंच, त्यानंतर पेढा माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

आणि एका सोमवारी दुपारी जावई आला. शेतकरी गडी, गरीब स्वभावाचा. एसटीनं नगरपर्यंत, तिथून दुसरी एसटी, असा घामानं निथळत आला होता. पिशवीतून त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली छोटी बाटली काढली आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांसमोर धरली. तिच्यात रक्त होतं.

"मामांनी धाडलंय. गावातल्या कंपाउंडरला बलवून काढाया लावलं. म्हनले, सोमवार हाय, माज्याबिगर लॅब खोळंबली आसंल. आता लेकीच्या हातचं खातोय म्हनले, चढला आसंल आकडा."

बाटली उन्हानं तापली होती, आतलं रक्त काळपट लाल होऊन विरघळून गेलं होतं. त्याची तपासणी होणार नव्हती, हे मलाही कळत होतं. जावयानं विचारलं, "काय सांगू मामांना?"

मी डॉक्टरांकडं बघितलं. मनात म्हटलं, म्हणा. एवढंच म्हणा, की जागेवर आहेत. अहो, त्या माणसाला एकशे चौसष्टवर ठेवायला तुम्ही अख्ख्या तालुक्याचे आकडे फिरवलेत. आता त्याच्याचसाठी एक फिरवा!

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, खाली ठेवली आणि म्हणाले, "हे रक्त खराब झालंय, याचा आकडा देता येणार नाही. आणि त्यांना सांगा, आता गरज नाही. आम्ही बाटलीतलं कंट्रोल वापरतो." मग हात धुवायला गेले. बराच वेळ धुवत होते.

मी चप्पल घातली आणि जावयाच्या मागं धावले. त्याला रस्त्यात गाठून म्हटलं, "हे बघा, डॉक्टर काही म्हणोत. मामांना सांगा, बाईंनी निरोप दिलाय, आकडा जागेवर आला. एकशे चौसष्ट. एवढंच सांगा." त्यानं मान हलवली.

नंतर तो आला तो खोली रिकामी करायला. मामा गेले होते. एक पत्र्याची पेटी, दोन भांडी आणि तळाशी थोडं तूप राहिलेला डबा, एवढंच निघालं. मला राहवेना. विचारलं, "माझा निरोप सांगितला होता ना?"

"सांगितला की," तो म्हणाला. "दोनी सांगितलं. डाक्टर म्हनले गरज न्हाई, आन बाई म्हनल्या जागेवर हाय."

"अहो, दोन्ही कशाला? मग? काय म्हणाले?"

जावयानं हातातली पेटी खाली ठेवली. "म्हनले, बाईचं काळीज चांगलं हाय. पर काटा डाक्टरचाच खरा. मंग भितीकडं त्वांड केलं. पुन्यांदा सुई लावा म्हनले न्हाईत."

मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. महिनोन्महिने साऱ्या तालुक्याला खोटं वजन दाखवणारा तो काटा, आणि जन्मभर मापं तोललेला हा माणूस मरताना त्यालाच खरा म्हणून गेला.